मुठीतला डोळा

फळीवर दहा खिळे होते. नऊ काळे, एक लाल. काळ्या खिळ्यांवर नऊ पितळी बिल्ले, एक ते नऊ आकडे ठोकलेले. लाल खिळा मोकळा. फळीखाली बॉयलरचं पॅनेल, त्यावर एक हिरवा दिवा, एक लाल, एक बटण, किल्लीचं एक भोक आणि बशीएवढा एक काट्याचा मीटर. मीटरसमोर दोन माणसं. त्यांतल्या एकीने, म्हणजे तिसऱ्या इंजिनियरने, हे सगळं मोजलं होतं, आणि मोजताना नेहमीप्रमाणे श्वास रोखून धरला होता.

ही तिची लहानपणापासूनची खोड. जिन्याच्या पायऱ्या मोजायच्या तर श्वास बंद, परसातल्या दोरीवरचे चिमटे मोजायचे तर श्वास बंद. दादा म्हणायचा, हिला पन्नासच्या पुढे मोजायला लावू नका, निळी पडेल. आई म्हणायची, अगं, आकड्यांना वारा लागत नाही, घे श्वास. पदवीला प्रयोगशाळेत लंबकाचे झोके मोजताना सर पाठीमागे येऊन उभे राहायचे ते तिचा प्रयोग बघायला नव्हे, ती मध्येच कोसळत तर नाही ना हे बघायला. खोड काही सुटली नव्हती. आता तिला तिचं काही वाटतही नव्हतं.

जहाजावर माणसं नऊ. छोटं मालवाहू जहाज, त्याला तेवढी पुरत. नावाने कोणी कोणाला हाक मारत नसे; कप्तान तो कप्तान, मुख्य इंजिनियर ते थोरले साहेब, आणि ती ‘तिसरी’. घरी दादाच्या पाठची दुसरी, इथे तिसरी. प्रगती उलटी चाललीय असं तिने आईला कळवलं होतं. मीटरसमोरचा दुसरा माणूस फिटर होता, अठ्ठावन्न वर्षांचा. तो मात्र सगळ्यांचा मामा होता, थोरल्या साहेबांचासुद्धा, जे त्याच्याहून दोन वर्षांनी मोठे होते.

लाल खिळ्याचा नियम मामानेच तिला पहिल्या दिवशी सांगितला होता. बॉयलरच्या भट्टीत जो शिरेल त्याने आपला बिल्ला काळ्या खिळ्यावरून काढून लाल खिळ्यावर टांगायचा आणि पॅनेलची किल्ली स्वतःच्या खिशात घालायची. किल्ली एकच. पेटवण्याआधी बटण दाबणाऱ्याने मोठ्याने विचारायचं, लाल खिळा? आणि दुसऱ्याने फळीकडे बघून, बोट लावून सांगायचं, मोकळा. फळीकडे पाठ करून हे उत्तर देणाऱ्याला मामाने एकदा जेवणाच्या टेबलावरून उठवलं होतं म्हणे.

त्या दिवशी सकाळपासून हा सवाल-जबाब चार वेळा झाला होता. चारही वेळा खिळा मोकळा होता. आणि चारही वेळा बॉयलर पेटला नव्हता.

बॉयलर पेटवणं म्हणजे काडी ओढून आत टाकणं नव्हे. बटण दाबलं की आधी पंखा सुरू होतो आणि पूर्ण साठ सेकंद भट्टीत नुसती हवा लोटतो. आत तेलाची वाफ साचली असेल तर ती धुराड्यातून निघून जायला हवी, नाहीतर ठिणगी पडताच भट्टीचं दार आणि दारासमोरचा माणूस बरोबरच निघतात. साठ सेकंदांनी ठिणगी. मग तेलाची झडप उघडते. त्यानंतर पाच सेकंदांच्या आत डोळ्याने सांगावं लागतं की ज्योत दिसली. डोळा म्हणजे अंगठ्याएवढी काचेची नळी, बर्नरच्या अंगात बसवलेली, तोंड भट्टीकडे, शेपटीला दोन हात लांब वायर. उजेड दिसला की तिच्यातून बारीकसा करंट वाहतो. नीट पेटलेल्या ज्योतीला मीटरचा काटा चार पूर्णांक एकवर जातो. अंधारात तो शून्यावर असतो. पाच सेकंदांत ज्योत दिसली नाही तर यंत्रणा तेल तोडते. आणि त्याच्या उलट, ठिणगीच्या आधीच, नुसता पंखा चालू असताना डोळ्याला काही दिसलं, तरीही सगळं बंद पडतं. जिथे काही जळायला नको तिथे काहीतरी जळतंय, असा त्याचा अर्थ.

त्या दिवशी चारही वेळा पंख्याच्या विसाव्या सेकंदाला लाल दिवा लागला होता. काटा शून्यावर नव्हता. शून्य पूर्णांक चारवर होता.

एरवी अशा बिघाडाला कोणी घाबरत नाही. पण जहाज बंदराबाहेर नांगरून आज चौथा दिवस होता. वादळ येणार म्हणून बंदर बंद झालं होतं, आणि दुपारी चारपासून वारा समुद्राकडून किनाऱ्याकडे वाहणार होता. मागे पाऊण मैलावर खडक. नांगर सुटला तर मुख्य इंजिन चालवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ते इंजिन जड तेलावर चाले, आणि जड तेल वाफेने तापवलं तरच वाहतं, नाहीतर डांबर होऊन बसतं. डिझेल होतं ते जेमतेम जनरेटर आणि बर्नर पेटवण्यापुरतं. बर्नर साफ करायला म्हणून आदल्या संध्याकाळी बॉयलर बंद केला, तो सकाळी पेटेना. आठ वाजता टाकीतलं तेल अठ्ठावन्न अंशांवर होतं. तासाला दोन अंश उतरत होतं. पंचेचाळीसच्या खाली पंपाने ते ओढलं नसतं. हे गणित तिने नोंदवहीच्या कोपऱ्यात मांडून ठेवलं होतं आणि उत्तराखाली दोन रेघा मारल्या होत्या. अडीच वाजेपर्यंत.

तिने पायरी पायरीने सुरुवात केली. डोळा बर्नरमधून बाहेर काढला आणि मुठीत धरला. काटा शून्य. म्हणजे वायर ठीक. परत आत बसवला, काटा पुन्हा शून्य पूर्णांक चारवर; ‘शून्य पूर्णांक’ म्हणणं दोघांनी आता सोडूनच दिलं होतं, नुसतं चार म्हणायचे. नवा डोळा आणला, त्याचंही तेच. बर्नरशेजारच्या काचेच्या भोकातून तिने भट्टीत पाहिलं, मग मामाने पाहिलं. काळाकुट्ट अंधार. रात्रभर थंड झालेली भट्टी, हात लावला तर लोखंड गार.

“आपल्याला दिसत नाही ते याला दिसतंय,” मामा म्हणाला. “मोतीबिंदू आपल्याला झालाय की याला, तेवढं ठरव.”

मग तिच्या लक्षात आलं की काटा स्थिर नाही. तो हळूच पाचपर्यंत चढत होता, तीनपर्यंत उतरत होता. जहाजाच्या डुलण्याने म्हणावं, तर डुलणं त्याहून बरंच संथ होतं. तिने घड्याळ काढलं आणि झोके मोजायला घेतले. एक, दोन. काटा थांबला. तिने वाट पाहिली, कंटाळून घड्याळ खाली केलं. काटा पुन्हा हलू लागला. तिने पुन्हा मोजायला घेतलं. पुन्हा थांबला. असं पाच वेळा झालं.

“मला बघून लाजतोय,” ती वैतागून म्हणाली. “मामा, तुम्ही मोजा.”

मामाने मोजलं, तेव्हा काटा एकदाही थांबला नाही. मिनिटाला चौदा. तिने ते नोंदवहीत लिहिलं. मामा मीटरकडे बघत राहिला आणि मग सहज बोलल्यासारखं म्हणाला की त्याची बायको झोपली की तिचे श्वास पंधरा असतात. सुट्टीवर घरी गेलं की इंजिनाच्या आवाजाशिवाय झोप लागत नाही, मग माणूस काय करणार, पडल्यापडल्या मोजतो.

ती हसली नाही. तिने ‘चौदा’ या शब्दाखाली रेघ मारली.

पाऊण वाजता थोरले साहेब खाली आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, नोंदवही पाहिली, मीटर पाहिला आणि म्हणाले की त्यांच्या उमेदीत डोळ्यांचे असले लाड नव्हते. युक्ती साधी आणि सगळ्या जहाजांवरच्या सगळ्यांना ठाऊक असलेली, फक्त कुठल्याच पुस्तकात नसलेली. डोळा काढायचा आणि मुठीत धरायचा. साठ सेकंद पंखा चालेल, डोळ्याला अंधार दिसेल, यंत्रणा खूश. ठिणगीचा तडतडाट ऐकू आला की मूठ उघडायची, दुसऱ्याने डोळ्यावर बॅटरी मारायची. डोळ्याला ज्योत दिसली असं वाटेल, तेल वाहतं राहील. एकदा भट्टी तापली की मग बघू.

“झाकली मूठ सव्वा लाखाची,” साहेब म्हणाले. “आणि आज तर नऊ माणसांची.”

तिने ती युक्ती पाहिलेली नव्हती, ऐकलेली होती. तिला ती आवडत नव्हती, कारण डोळ्याला फसवायचं म्हणजे तो काय सांगतोय ते न ऐकताच फसवायचं. तिने अर्धा तास मागितला. भट्टीत शिरून पाहते, म्हणाली. प्रकाश आहे तर तो कुठून तरी येत असणार. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि वीस मिनिटं देऊन ते वर गेले.

भट्टी म्हणजे उभा लोखंडी पिंप, आतून दीड मीटर रुंद, दोन मीटर उंच. भिंत सलग नव्हे. मनगटाएवढ्या जाड नळ्या उभ्या शेजारी-शेजारी लावून, सांधून केलेली. नकाशात बासष्ट नळ्या होत्या. पहिल्या नळीवर सांध्याचा जाड उंचवटा, ओळखायला सोपा. तिसाव्या आणि एकतिसाव्या नळीच्या मध्ये, जमिनीलगत, माणूस सरपटत शिरेल एवढं अंडाकृती भोक, म्हणजे मॅनहोल. त्याच्या समोरच्या अंगाला वर बर्नर.

तिने आपला तीन नंबरचा बिल्ला लाल खिळ्यावर टांगला, किल्ली खिशात घातली, मॅनहोलचं दार बाहेरच्या कड्याला तारेने बांधून ठेवलं. आत काय नेलं ते नोंदवहीत लिहिलं: बॅटरी एक, काळं जाड कापड एक, माणूस एक. मग तिने असं काहीतरी केलं जे करायला नको होतं, आणि जे मोजण्याची हौस असलेल्या माणसालाच सुचतं. भट्टीत माणूस असताना बर्नर बाहेर ओढून उघडा ठेवायचा असतो. तिने मामाला तो बंद ठेवायला सांगितला. डोळा आत बघत असेल तरच मीटर काही सांगणार होता.

मामाने नाखुशीने मान डोलावली. तो बर्नरजवळ उभा राहून काचेच्या भोकाला तोंड लावून बोलणार होता आणि काटा वाचून दाखवणार होता.

ती आत शिरली. काजळीचा, थंड तेलाचा आणि ओल्या विटेचा वास. बॅटरीच्या उजेडात तिने तळ पाहिला, छत पाहिलं, नळ्या फिरून मोजल्या. बासष्ट. कुठे चीर नाही, कुठे निखारा नाही, कुठून बाहेरचा उजेड येत नाही. मॅनहोलवर तिने आतून कापडाचा एक पदर टाकला आणि बॅटरी विझवली.

“काय आहे?” तिने विचारलं.

“चार,” मामाचा आवाज डब्यातून आल्यासारखा आला. “हलतोय.”

तिने कापडाचा दुसरा पदर उचलला आणि डोळ्याच्या तोंडासमोर धरला.

“शून्य.”

बरोबर. आता ती कापड हातांत पसरून एकेक पाऊल मागे सरकणार होती. ज्या क्षणी काटा उठेल, त्या क्षणी उजेडाची जागा कापडाच्या अलीकडे आली असं ठरणार होतं. सोपा प्रयोग. पण दोन हातांत ताणलेलं कापड समोर धरून मागे सरकता येत नव्हतं, भिंत पाठीला लागत होती. म्हणून तिने ते आपल्या मागे घेतलं, खांद्यांवरून, हात पसरून, पूर्ण भिंत झाकेल असं. आता डोळा आणि कापड यांच्यामध्ये भट्टीचा काहीच भाग उरला नव्हता.

“आता?”

“चार.”

“नीट बघा, मामा. मी सगळं झाकलंय.”

“चार, म्हटलं ना. हलतोय.”

म्हणजे उजेड कापडाच्या अलीकडे होता. कापडाच्या अलीकडे ती होती.

तिने कापड खाली टाकलं आणि म्हणाली, मामा, मी बाहेर येते. मामाने उत्तर दिलं नाही. तिने बॅटरीचं बटण दाबलं. बॅटरी लागली नाही. पुन्हा दाबलं, तळव्यावर आपटली, पुन्हा दाबलं.

घाबरण्यासारखं काही नव्हतं. दीड मीटरच्या खोलीत माणूस हरवत नाही. ती गुडघ्यांवर बसली, जमिनीलगत हात फिरवला आणि सांध्याचा उंचवटा शोधला. पहिली नळी. इथून उजवीकडे तिसावी, तिच्यापुढे भोक. तिने श्वास रोखला आणि बोटांनी मोजू लागली.

अठ्ठावीस. एकोणतीस. तीस. एकतीस.

मध्ये भोक नव्हतं. तिसाव्या नळीला लागून एकतिसावी होती, सांधा भरलेला, गार, सलग.

मोजण्यात चूक झाली असणार. ती पुढे गेली. चाळीस. पन्नास. बासष्टला उंचवटा यायला हवा होता.

त्रेसष्ट. चौसष्ट.

तिने दुसरा हात खिशात घातला आणि किल्ली मुठीत घट्ट धरली. किल्ली एकच आहे, तिने स्वतःला सांगितलं. ती माझ्याकडे आहे. कोणी पेटवू शकत नाही.

नव्वद. एक्याण्णव.

“मामा,” ती म्हणाली. आवाज भिंतीला लागून परत आला नाही.

एकशे सोळा. एकशे सतरा. छाती फुटायला आली तेव्हा तिने श्वास सोडला, आणि मग तिला तो आवरता आला नाही. अंधारात फक्त तोच ऐकू येत होता, भरभर, धापा टाकल्यासारखा. थोड्या वेळाने तिला असं वाटलं की तो आवाज तिच्या तोंडातून येत नाहीये. तो खोलीच्या दुसऱ्या बाजूने येतो आहे.

तिचं मनगट कोणीतरी धरलं.

“अगं पोरी,” मामा म्हणाला, “भोकासमोर बसून काय करतेस?”

तो मॅनहोलमधून कमरेपर्यंत आत आला होता. त्याच्या मागून इंजिनरूमचा पिवळा उजेड येत होता. तिचा उजवा तळवा तिसाव्या नळीवर होता.

बाहेर येऊन ती लोखंडी जाळीवर बसली. दार जसं बांधलं होतं तसं होतं, तारेच्या पिळासकट. बॅटरी हातातच होती आणि लागलेली होती. मामाने तिला पाणी दिलं. तो सांगत होता की ती म्हणाली, मी बाहेर येते, तो म्हणाला, ये, आणि मग तिचा आवाजच नाही. काटा थांबला, एकदम थांबला, मग वेड लागल्यासारखा भरभर हलायला लागला, तेव्हा तो धावत मागे आला. मध्ये किती वेळ गेला, असं तिने विचारलं. दीड मिनिट असेल, मामा म्हणाला. दोन नाही.

ती उठून पॅनेलपाशी गेली. आपला बिल्ला लाल खिळ्यावरून काढून काळ्यावर टांगला. किल्ली भोकात घातली. तिला अजून धाप लागत होती.

काटा भरभर हलत होता. वर, खाली, वर, खाली.

तिने पाण्याचा घोट घेतला. घोट घेताना काटा क्षणभर थांबला.

तिला सकाळ आठवली. ती मोजायला लागली की थांबणारा, मामाने मोजलं की न थांबणारा काटा. तिने मुद्दाम, सावकाश श्वास आत घेतला. काटा पाचपर्यंत चढला. तिने श्वास रोखला. काटा पाचवर उभा राहिला. दहा सेकंद, वीस, तीस. तिने श्वास सोडला. काटा तिच्या श्वासाबरोबर उतरला, शेवटच्या कणापर्यंत.

डोळ्याचं तोंड अजून भट्टीकडेच होतं. बर्नर बंद होता. ती बाहेर होती.

“मामा, मॅनहोलचं दार लावलंत?”

“लावलं. आत बघूनच लावलं. काही नाही आत, तुझं कापड होतं, तेही काढलं.”

वरून फोन वाजला. मामाने तो उचलला; पलीकडून थोरले साहेब बोलत होते ते तिलाही ऐकू आलं. नांगर घसरायला लागला होता, वाऱ्याने चारची वाट पाहिली नव्हती. टाकीतलं तेल सत्तेचाळीसवर. साहेब स्वतः खाली आले. त्यांच्या शर्टाची पाठ भिजली होती.

“साहेब, आत माणूस आहे,” ती म्हणाली.

साहेब रागावले नाहीत. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, फोन उचलला आणि एकेका जागी लावून माणसं मोजली. कप्तान आणि सुकाणूवाला वर. दोघे नांगरापाशी. स्वयंपाकी स्वयंपाकघरात. दुसरा इंजिनियर मुख्य इंजिनापाशी. सहा. मामा सात. मी आठ, साहेब म्हणाले, आणि बोट तिच्याकडे केलं. नऊ.

“आत कोण आहे?” त्यांनी विचारलं.

या प्रश्नाला तिच्याकडे एकच उत्तर होतं, आणि ते कोणत्याही नोंदवहीत लिहिता आलं नसतं. जहाज एकदम हिसका बसल्यासारखं कलंडलं आणि पुन्हा उभं राहिलं. कुठेतरी पत्र्याचा डबा घरंगळत गेला.

“मी धरतो डोळा,” मामा म्हणाला. “तू वर जा, जरा वाऱ्याला उभी राहा.”

“नको, मामा. माझ्याच हातात असू दे.”

तिने बर्नरमधून डोळा ओढून काढला. काचेची नळी कोमट होती. तिने ती उजव्या मुठीत धरली, बोटं एकावर एक मिटली, वरून अंगठा दाबला. काटा शून्यावर आला. मामा बॅटरी घेऊन तिच्या शेजारी उभा राहिला.

“लाल खिळा?” साहेबांनी विचारलं.

फळी तिच्या डोक्याशी होती. तिने डाव्या हाताचं बोट त्या खिळ्याला लावलं. खिळा गार होता, त्यावर काही नव्हतं.

“मोकळा,” ती म्हणाली.

साहेबांनी बटण दाबलं.

पंखा सुरू झाला. भट्टीतून हवा जाण्याचा आवाज आधी हलका, मग भरून आला. तिने सेकंद मोजले नाहीत. या वेळी मोजायचं नाही असं तिने ठरवलं होतं. ती नुसती श्वास घेत राहिली, एकामागून एक, जितका सावकाश घेता येईल तितका.

विसावा सेकंद आला आणि गेला. लाल दिवा लागला नाही.

चाळीस, साहेब म्हणाले. पन्नास.

तिला भट्टीतून हाक ऐकू आली असं वाटलं नाही. तसं काही झालं नाही. फक्त नाकात काजळीचा आणि ओल्या विटेचा वास आला, आणि डाव्या हाताखाली नळ्या आहेत असं वाटलं, गार, सलग, मध्ये कुठे भोक नसलेल्या.

ठिणगी तडतडली.

“मूठ उघड,” मामा म्हणाला.

तेलाची झडप उघडली. भट्टीत धप्प झालं, आणि काचेच्या भोकात नारिंगी उजेड भरला.

“पोरी, मूठ उघड. पाच सेकंद.”

ती उघडत नव्हती. तिची बोटं तिचं ऐकत नव्हती. मामाने बॅटरी तिच्या मुठीवर धरली होती आणि दुसऱ्या हाताने तिची बोटं उचकटायचा प्रयत्न करत होता. तीन, चार, पाच. सहा. दहा.

बर्नर विझला नाही. ज्योत घरघरत मोठी झाली आणि स्थिरावली.

साहेबांनी हुश्श केलं, फोन उचलला आणि वर सांगितलं, पेटला. पाऊण तासात वाफ.

मामाने बॅटरी विझवली. तो तिच्या मुठीकडे बघत होता, मग मीटरकडे. मग त्याने तिच्याकडे बघायचं टाळलं आणि नोंदवही तिच्यासमोर सरकवली.

तिने श्वास घेतला. सोडला. पुन्हा घेतला. काटा हलला नाही.

डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरांत, तिने नोंद केली.

वेळ: एक वाजून चोवीस मिनिटं. भट्टी: पेटलेली. लाल खिळा: मोकळा. माणसं: नऊ. डोळा: उजव्या मुठीत, मूठ बंद. करंट: चार पूर्णांक एक, स्थिर.